तिसऱ्या दिवशी न वळलेले आकडे

बाळंतपण झालं की प्रीएक्लॅम्प्सिया हा आजार उतरतो, असं आम्ही डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं नातेवाइकांना सांगत आलो आहोत. गरोदरपणात चढलेला रक्तदाब, लघवीतून जाणारी प्रथिनं, घसरलेल्या प्लेटलेट्स, बिघडलेलं यकृत या सगळ्याचं मूळ वारेत असतं. वार बाहेर पडली की दोनतीन दिवसांत आकडे वळतात. बहुतेक वेळा हे खरंही ठरतं. पुढचं प्रकरण त्या ‘बहुतेक वेळा’च्या बाहेर राहिलेल्या एका बाईचं आहे. मी सोलापुरात मूत्रपिंडाचे रुग्ण बघतो, त्यामुळे ती माझ्यापर्यंत पोचली ती बाळंत झाल्यावर, आणि खरं सांगायचं तर एक दिवस उशिरा. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

दोन गावं, दोन कागद

वय २४, पहिलटकरीण. सासर सोलापूर शहरात. नवरा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत, सासू घरी विड्या वळते. माहेर मोहोळ तालुक्यात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, म्हणून सातव्या महिन्यात ओटी भरून तिला गावी नेलं.

इथपर्यंत गडबड काहीच नाही. फक्त एक झालं: शहरातल्या तपासण्यांचं कार्ड सासरच्या कपाटात राहिलं. त्या कार्डावर अकराव्या आठवड्याला रक्तदाब १०४/६६, विसाव्याला १०८/७०, अठ्ठाविसाव्याला ११८/७६ असे आकडे होते. गावी बत्तिसाव्या आठवड्याला तो १३८/८८ भरला. नव्या चिठ्ठीवर हा आकडा एकटाच होता, आणि एकट्याने पाहिला तर तो १४०/९० च्या आतच येतो. ‘नॉर्मल’ असा शेरा पडला.

यात तपासणाऱ्याची चूक काढणं सोपं आहे, पण नियमाने तो शेरा बरोबरच होता. पूर्वी ३०/१५ ने वाढलेला रक्तदाब हासुद्धा प्रीएक्लॅम्प्सियाच्या निदानात धरला जायचा. तो निकष पुढे काढून टाकला गेला. तरी इतकी वाढ दिसली तर त्या बाईवर बारीक नजर ठेवावी, एवढं सगळेच मानतात. अडचण अशी की वाढ दिसायला दोन आकडे शेजारी शेजारी लागतात. इथे एक मोहोळ तालुक्यात होता आणि दुसरा सोलापुरात, कपाटात.

चौतिसाव्या आठवड्यात पायांवर सूज चढली, अंगठी बोटात रुतली. ‘दिवस भरत आलेत, सूज यायचीच,’ असं म्हणून ती सोडून दिली गेली. मग छातीच्या खाली, बरगड्यांच्या मधोमध दुखायला लागलं. ‘पित्त झालंय’ म्हणून गावात पित्ताचं इंजेक्शन झालं. आठव्या महिन्यातली ही ‘पित्ताची’ कळ यकृतावर आलेल्या सुजेची असू शकते, हे मी माझ्या ज्युनिअर डॉक्टरांना दरवर्षी नव्याने सांगतो. रक्तदाब मोजल्याशिवाय गरोदर बाईला पित्ताचं औषध देऊ नये. इथे तो मोजला गेला नाही.

गणपती उठून चार दिवस झाले होते. रविवारी रात्री तिचं डोकं फुटायची वेळ आली, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तेव्हा १०८ ची गाडी बोलावली. अकराच्या सुमाराला ती सोलापुरात एका रुग्णालयात पोचली. रक्तदाब १७८/११६. लघवीत प्रथिनं तीन प्लस.

त्या रात्रीचे आकडे

हिमोग्लोबिन १०.८, प्लेटलेट्स ६८,०००, एसजीओटी (यकृताला इजा झाली की वाढतं) ४१२, बिलिरुबिन २.१, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढतं) १,४८०, क्रिएटिनीन (मूत्रपिंड नीट गाळत नसलं की वाढतं) १.३. लाल पेशी फुटत होत्या, यकृताची एन्झाइम्स वाढलेली, प्लेटलेट्स खाली: या त्रिकुटाला १९८२ साली लुई वाइनस्टाइन या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘हेल्प’ (HELLP) हे नाव दिलं. निदानात शंकेला जागा नव्हती. क्रिएटिनीन १.३ कुणाला किरकोळ वाटेल. पण गरोदरपणात मूत्रपिंडं जास्त गाळतात, क्रिएटिनीन एरवीपेक्षा खाली उतरतं, त्यामुळे १.३ म्हणजे मूत्रपिंडाला मार बसायला लागला होता.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी केलेलं काम चोख होतं. लॅबेटालॉलने रक्तदाब खाली आणला, मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दिला: चार ग्रॅम शिरेतून आणि दोन्ही कुल्ल्यांत पाच पाच ग्रॅम. २००२ सालच्या ‘मॅगपाय’ चाचणीत सुमारे दहा हजार बायकांवर सिद्ध झालं की या स्वस्त औषधाने झटक्यांचा (फिट येण्याचा) धोका निम्म्याहून खाली येतो. पहाटे अडीचला सिझेरियन झालं. मुलगी, वजन १ किलो ७२० ग्रॅम, रडली. रक्तस्राव नेहमीइतकाच, वार आधी सुटलेली नव्हती. या शेवटच्या दोन गोष्टी पुढे फार उपयोगी पडल्या. बाळंतपणानंतर मूत्रपिंड बंद पडलं की आपल्याकडे पहिला संशय अतिरक्तस्रावावर किंवा आधीच सुटलेल्या वारेवर जातो, आणि तो रास्तच असतो. इथे त्या दोन्ही वाटा सुरुवातीलाच बंद होत्या.

फाटलेले रस्ते

सोमवारी रात्री: प्लेटलेट्स ५४,०००, एसजीओटी २६०, एलडीएच १,६५०, क्रिएटिनीन १.९. लघवी तासाला पंचवीस मिलीलिटर. लघवी तिसाच्या खाली आली म्हणून मॅग्नेशियमचे पुढचे डोस थांबवले. हे औषध मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. ते साठलं तर गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो ते आधी थांबतं आणि मग श्वास.

मंगळवारी रात्री: प्लेटलेट्स ४७,०००, एसजीओटी १४०, एलडीएच १,९१०, क्रिएटिनीन ३.१.

मंगळवारी संध्याकाळीच मला फोन आला होता. मी ओपीडीत होतो. “हेल्पनंतर क्रिएटिनीन थोडं चढतंच, लघवीवर लक्ष ठेवा, पाणी जपून द्या, उद्या बघू,” असं मी फोनवर सांगितलं. हे वाक्य मी आता पुन्हा वाचतो तेव्हा त्यातला ‘थोडं’ हा शब्द खटकतो. मी त्या फोनवर एलडीएच विचारलंच नाही. हेल्पमध्ये प्लेटलेट्स बाळंतपणानंतरच्या २४ ते ४८ तासांत तळ गाठतात आणि मग चढायला लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी थांबणं चूक नव्हतं. चूक ही, की काय वळलं तर थांबायचं आणि काय नाही वळलं तर हलायचं, हे मी ठरवून दिलं नाही. रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी प्लेटलेट्सच्या चार पिशव्या चढवल्या. रक्तस्राव नसताना त्यांची गरज नव्हती. टाक्यांच्या दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकची दोन इंजेक्शनंही गेली होती. बिघडत्या मूत्रपिंडाला ती विषासारखीच.

बुधवारी संध्याकाळी मी तिला पाहिलं. ती बसली होती, शुद्धीवर, चेहरा पिवळट आणि सुजलेला. आई उशाशी होती. “पोरगी बरी हाय म्हणत्यात, मग हिला का उतार न्हाई?” तिचा प्रश्न माझ्या हातातल्या कागदापेक्षा नेमका होता.

कागदावर होतं: एसजीओटी ८२, प्लेटलेट्स ४१,०००, एलडीएच २,२६०, क्रिएटिनीन ४.६, हिमोग्लोबिन ७.१. चोवीस तासांत लघवी १८० मिलीलिटर.

हे आकडे उभे न वाचता आडवे वाचले की चित्र दिसतं. यकृत रोज सुधारत होतं: ४१२, २६०, १४०, ८२. म्हणजे वार गेल्याचा फायदा झाला होता, हेल्प ओसरत होतं. पण लाल पेशी फुटणं वाढत होतं, प्लेटलेट्स पिशव्या चढवूनही खाली जात होत्या, मूत्रपिंड बंद होत होतं. एकच आजार असता तर सगळे आकडे एका दिशेने गेले असते. ते फाटले, याचा अर्थ हेल्पच्या आडोशाला दुसरं काहीतरी उभं होतं.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्टना फोन करून एवढंच म्हटलं की मशीनचा रिपोर्ट नको, काचपट्टी स्वतः बघा. अर्ध्या तासात त्यांनी मलाच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला बोलावलं. तुटलेल्या लाल पेशी: काही शिरस्त्राणासारख्या, काही त्रिकोणी, शंभरात पाच सहा. एकाहून जास्त असल्या तरी दखल घ्यावी लागते. बारीक रक्तवाहिन्यांत जागोजागी गुठळ्यांचं जाळं झालं की त्यातून जाताना पेशी अशा चिरल्या जातात. या एका काचपट्टीचा खर्च त्या आठवड्यातल्या सगळ्या तपासण्यांत सर्वांत कमी होता.

आता प्रश्न होता, हे जाळं कशाने? कूम्ब्स चाचणी निगेटिव्ह, म्हणजे प्रतिपिंडं चिकटून पेशी फुटत नव्हत्या. रक्त गोठण्याच्या चाचण्या, आयएनआर आणि फायब्रिनोजेन, व्यवस्थित, म्हणून जंतुसंसर्गातून येणारा गोठण्याचा गोंधळ मागे पडला. रक्तातली साखर बरोबर, म्हणून गरोदरपणातलं चरबीयुक्त यकृतही नाही. पावसाळ्याचा शेवट असल्याने डेंग्यू, मलेरिया, लेप्टो पाहिलेच. सोलापुरात सप्टेंबरमध्ये ते न पाहणं म्हणजे स्वतःवर आरोप ओढवून घेणं. ल्युपस आणि अँटिफॉस्फोलिपिड या, प्रतिपिंडं स्वतःवरच उलटणाऱ्या आजारांच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या. टीटीपी नावाचा एक जुळा आजार उरला होता, ज्यात अ‍ॅडॅम्टीएस-१३ हे एन्झाइम दहा टक्क्यांच्या खाली जातं. त्यात प्लेटलेट्स बहुधा तीस हजारांच्याही खाली असतात आणि मूत्रपिंड त्या मानाने तगून राहतं. इथे उलटं होतं. तरी नमुना पाठवला. अहवाल पाच दिवसांनी आला, ५२ टक्के.

आणि सी३, सी४ ही रक्तातली दोन संरक्षक प्रथिनं. सी४ २४, म्हणजे ठीक. सी३ ६२, आमच्या प्रयोगशाळेची खालची मर्यादा ९०. गरोदरपणात सी३ एरवी वाढतं, त्यामुळे नुकत्याच बाळंत झालेल्या बाईत ६२ हा आकडा दिसतो त्याहून जास्त बोलतो. इथे एक सावधगिरी मात्र हवी: मला ज्या आजाराचा संशय होता त्यात बऱ्याच रुग्णांचं सी३ साफ नॉर्मल असतं. ते कमी आलं तर संशय पक्का होतो, नॉर्मल आलं तर संशय जात नाही.

राखेखालचा विस्तव

सी३ हे ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या प्रथिनांच्या साखळीतलं मधलं कडं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ज्यूल बोर्दे यांनी रक्तद्रवात प्रतिपिंडांना मदत करणारा, उष्णतेने नष्ट होणारा एक घटक दाखवला. पुढे त्यांना १९१९ सालचं नोबेल मिळालं. पॉल एर्लिख यांनी त्याला नाव दिलं कॉम्प्लिमेंट, म्हणजे पूरक. नाव दुय्यम, काम मात्र मुख्य. जंतूवर खूण करणं, पांढऱ्या पेशींना हाक मारणं आणि शेवटी जंतूच्या आवरणाला भोक पाडणं, ही सगळी कामं ही साखळी करते.

साखळी पेटायच्या तीन वाटा आहेत. प्रतिपिंडं चिकटली की पहिली, जंतूवरची साखर ओळखली की दुसरी. तिसरी वाट कुणी पेटवायची वाट बघत नाही. ती चुलीतल्या राखेखालच्या निखाऱ्यासारखी सतत धुगधुगत असते: सी३ थोडं थोडं आपोआप फुटत राहतं आणि त्याचे तुकडे समोर येईल त्या पृष्ठभागाला चिकटतात. जंतूवर चिकटले तर भडका. स्वतःच्या पेशीवर चिकटले तर तिथे राख हवी. ती राख म्हणजे फॅक्टर एच, फॅक्टर आय आणि पेशीच्या अंगावरची सीडी४६ सारखी प्रथिनं. ती त्या तुकड्याची धार काढून टाकतात. राख पातळ झाली तर विस्तव घरालाच लागतो, आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, विशेषतः मूत्रपिंडाच्या गाळणीत, आधी लागतो. सी३ कमी आणि सी४ ठीक, या जोडीतून तिसरी वाट पेटल्याचा अंदाज येतो, कारण सी४ पहिल्या दोन वाटांवरच खर्च होतं.

या आजाराला अटिपिकल एचयूएस म्हणतात. नाव ओबडधोबड आहे. मी नातेवाइकांना ‘रक्तातली पूरक प्रथिनं आपल्याच मूत्रपिंडावर उलटली’ असं सांगतो.

आता वारेचा विचार करा. वार अर्धी परकी. तिच्या पेशी आईच्या रक्तात थेट बुडालेल्या. म्हणून निसर्गाने तिच्या पृष्ठभागावर सीडी४६, सीडी५५ आणि सीडी५९ ही रक्षक प्रथिनं भरभरून ठेवली आहेत. उंदरांत अशाच एका रक्षक प्रथिनाचं जनुक काढून टाकलं तेव्हा गर्भ पोटातच मेले, आणि त्याच उंदरांत सी३ सुद्धा काढून टाकलं तेव्हा ते जगले. हा २००० सालचा प्रयोग. गरोदरपण हे पूरक प्रथिनांशी रोज केलेली तडजोड आहे, हे मला त्यावरून पहिल्यांदा नीट कळलं.

मग प्रीएक्लॅम्प्सिया हाच मुळात कॉम्प्लिमेंटचा आजार आहे का? इथे मी थोडा आडमुठा आहे. प्रीएक्लॅम्प्सियात वार एसफ्लिट-१ नावाचं प्रथिन रक्तात सोडते आणि ते रक्तवाहिन्यांच्या पोषक व्हीईजीएफला पकडून ठेवतं, हे २००३ पासून चांगलं माहीत आहे. व्हीईजीएफ कमी पडलं की मूत्रपिंडात स्थानिक फॅक्टर एच सुद्धा कमी तयार होतं, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं. दोन गोष्टींमधला हा पूल मला पटतो: वार व्हीईजीएफ अडवते, गाळणीवरची राख पातळ होते. त्यातून फुटलेल्या लाल पेशींतला हीम (हिमोग्लोबिनचा लोहवाला भाग) बाहेर पडतो, तो कॉम्प्लिमेंटला आणखी फुंकर घालतो. तीव्र प्रीएक्लॅम्प्सियात लघवीत सी५बी-९, म्हणजे साखळीचं शेवटचं भोक पाडणारं हत्यार, वाढलेलं सापडतं. ल्युपस किंवा अँटिफॉस्फोलिपिड असलेल्या आणि प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या ४० बायकांपैकी सात जणींत सीडी४६, फॅक्टर आय किंवा फॅक्टर एच यांच्या जनुकांत दोष निघाले, हे २०११ चं काम. पण चाळिसांत सात म्हणजे तेहेतीस जणींत तो सापडला नाही. सर्वसाधारण प्रीएक्लॅम्प्सियाच्या बाईला सी३ सी४ तपासायला लावून तिच्या नवऱ्याची एक पाळी बुडवण्यात मला अर्थ दिसत नाही. बहुतेकींत कॉम्प्लिमेंट धुमसतं आणि वार गेल्यावर विझतं. थोड्याजणींत राख मुळातच पातळ असते. त्यांच्यात वार गेल्यावरही आग चालू राहते. दोघींना पहिल्या दिवशी वेगळं ओळखता येत नाही. तिसऱ्या दिवशी येतं.

नमुना आधी, प्लाझ्मा नंतर

या आजाराचं थेट औषध आहे. एक्युलिझुमॅब साखळीतलं सी५ अडवतं, त्यामुळे शेवटचं हत्यार तयारच होत नाही. अटिपिकल एचयूएससाठी अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. २६ व्या आठवड्यात हेल्प झालेल्या एका बाईला ते देऊन बाळंतपण १७ दिवस पुढे ढकलल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. एकच बाई, पण बाळाच्या दृष्टीने ते १७ दिवस फार मोठे. औषधामुळे मेनिंजायटिसच्या जंतूचा धोका वाढतो, म्हणून आधी लस द्यावी लागते. एवढं सगळं मी नवऱ्याला सांगितलं, कारण सांगणं माझं काम. मग किंमत सांगितली. तो काही बोलला नाही. यंत्रमागावरच्या पगारात त्या औषधाचा एक डोससुद्धा बसत नव्हता, आणि ते त्या वेळी सोलापुरात हाताशीही नव्हतं.

उरला प्लाझ्मा बदलण्याचा मार्ग: रुग्णाचा रक्तद्रव काढायचा, दात्यांचा भरायचा. त्यातून बिघडलेली किंवा अडवणारी प्रथिनं जातात आणि चांगला फॅक्टर एच येतो. टीटीपी असती तरी पहिला उपचार हाच होता, म्हणून ५२ टक्क्यांच्या अहवालासाठी थांबायची गरज नव्हती. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. कॉम्प्लिमेंटचे, अ‍ॅडॅम्टीएस-१३ चे आणि फॅक्टर एच विरुद्धच्या प्रतिपिंडांचे नमुने प्लाझ्माची पहिली पिशवी लागायच्या आधी काढायचे. दात्याचं रक्त आत गेलं की चाचणी दात्याची होते.

गुरुवारी सकाळी मानेतल्या शिरेत नळी घातली आणि डायलिसिसच्याच यंत्रावर प्लाझ्मा फिल्टर लावून पहिली फेरी केली. तिचं वजन बावन्न किलो, रक्त पातळ झालेलं. एका फेरीला सुमारे अडीच लिटर प्लाझ्मा, म्हणजे बारा पिशव्या. पाच दिवस रोज, मग एक दिवसाआड तीन. आठ फेऱ्यांत शहाण्णव पिशव्या. रक्तपेढीने बदली दाते मागितले तेव्हा नवऱ्याच्या कारखान्यातली पोरं रात्रपाळी सुटल्यावर रांगेत उभी राहिली, डोक्याच्या केसांत सुताची कुसं तशीच. एकाला हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं तर तो भांडायलाच उठला.

चौथ्या फेरीनंतर प्लेटलेट्स ९२,००० आणि एलडीएच ९८०. आठव्या फेरीनंतर १ लाख ७४ हजार आणि ३९०. रक्त सावरलं, मूत्रपिंड नाही. डायलिसिस दिवसाआड चालू राहिला, सरकारी योजनेत बसल्यामुळे तो खर्च निभला. आई सकाळ संध्याकाळ लघवीची बाटली उजेडात धरून बघायची, देवाचं तीर्थ बघावं तशी. पंचविसाव्या दिवशी चारशे मिलीलिटर झाली. शेवटचा डायलिसिस तेहेतिसाव्या दिवशी.

मधल्या काळात मुलगी नवजात अतिदक्षता विभागातून एकोणिसाव्या दिवशी आजीच्या हातात आली. आईचं दूध पिळून पाठवलं जायचं. सासूबाई विड्या बाजूला ठेवून रोज एक फेरी करायच्या. पहिल्या आठवड्यात ‘माहेरच्यांनी लक्ष दिलं नाही’ अशी धुसफूस चालली होती. ती मिटवण्यात माझा अर्धा तास गेला आणि तो वाया गेला नाही.

पानभर अहवाल

फॅक्टर एच विरुद्धची प्रतिपिंडं निगेटिव्ह आली. भारतातल्या मुलांमधल्या अटिपिकल एचयूएसमध्ये ती निम्म्याहून अधिक जणांत सापडतात, म्हणून मला ती इथेही मिळतील अशी आशा होती. असती तर स्टेरॉइड आणि सोबतच्या औषधांनी पुढची वाट सरळ झाली असती. सुरू केलेलं स्टेरॉइड हळूहळू बंद केलं.

चार महिन्यांनी पैसे जमवून जनुकीय तपासणी झाली. फॅक्टर एच च्या जनुकाच्या एका प्रतीत दुर्मीळ बदल, पुढे शेरा: ‘अर्थ अनिश्चित’. मग तिच्या आईचा नमुना पाठवला. तोच बदल आईतही.

“मला तीन बाळंतपणं झाली डॉक्टर, घरीच. कधी डोकं सुदिक दुखलं न्हाई,” आई म्हणाली. तिचं ऐकून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. या जनुकांत सिद्ध झालेला दोष असूनही कित्येकजण आयुष्यभर ठणठणीत राहतात. राख पातळ असली तरी वारा लागावा लागतो. मुलीला तो वारा प्रीएक्लॅम्प्सियाने लावला. आईवर तो कधी आलाच नाही. आणि हा बदलच खरा दोषी आहे हे मी शपथेवर सांगू शकत नाही, हेही मी त्यांना तसंच सांगितलं. ‘दोष माझ्याकडून गेला’ हे वाक्य आईच्या तोंडून निघायच्या आत ते सांगणं भाग होतं.

सहा महिन्यांनी क्रिएटिनीन १.७ वर थांबलं. लघवीत प्रथिनं एक प्लस, एनालाप्रिलवर रक्तदाब १२८/८०. मूत्रपिंडाचा काही भाग कायमचा गेला. फ्रान्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गरोदरपणाशी जोडलेल्या या आजाराच्या २१ बायकांपैकी तीन चतुर्थांशांची मूत्रपिंडं पूर्ण निकामी झाली होती. बहुतेकींना आजार बाळंतपणानंतरच झाला होता, आणि १८ जणींत कॉम्प्लिमेंटचा दोष सापडला. त्या हिशेबाने १.७ हा आकडा आम्हाला पदरात पडलेलं दान वाटतो, पण रुग्णाला तसं वाटावं असा आग्रह मी धरत नाही. तिला दम लागतो आणि मिठाची बंधनं पाळावी लागतात. शेंगदाण्याची चटणी ती आता बोटाला लावून चाखते.

त्याच अभ्यासात धोका सर्वांत जास्त दुसऱ्या गरोदरपणात दिसला होता. सासूबाईंनी वर्षाच्या आतच ‘दुसरं कधी’ विचारलं. मी नवरा बायकोला वेगळं बसवून बोललो. तांबी बसवली आहे. पुढचं त्यांनी ठरवायचं आहे, आणि ठरवायच्या आधी माझ्याकडे यायचं आहे.

तिची धाकटी बहीण मागच्या महिन्यात आली, तिला तिसरा महिना चालू होता. तिला जनुकीय तपासणी करून घ्यायची नव्हती, “निघालं तर काय करणार, न्हाई निघालं तर काय करणार?” असा तिचा सवाल होता आणि माझ्याकडे त्याला चोख उत्तर नव्हतं. प्लेटलेट्स, क्रिएटिनीन, एलडीएच आणि सी३ चे आजचे आकडे मात्र काढून ठेवले. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी रात्री १५० मिलीग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू केलं. रक्तदाब १०६/६८. तो मी कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला आणि कार्ड कुठे ठेवणार ते विचारलं. आईने ते घडी करून कमरेच्या पिशवीत घातलं. “हिचं बाळंतपण सोलापुरातच,” ती म्हणाली, “वटी भरायला आमीच हिकडं येतू.”